लघवीतून मेंदूची रसायनं मोजणारं किट: मोजमाप चोख, अर्थ पोकळ

ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांच्या पालकांपर्यंत 'न्यूरोट्रान्समीटर पॅनेल' (न्यूरोट्रान्समीटर म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं) नावाचं हे किट कधी ना कधी पोचतंच. बऱ्याच प्रयोगशाळा ते आपापल्या नावानं विकतात, पण आतला माल, सूचना आणि रिपोर्टची धाटणी जवळपास सारखीच असते. म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या अख्ख्या प्रकाराचं आहे. दावा असा, की मुलाच्या लघवीच्या एका नमुन्यातून डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन, ॲड्रिनलिन, गाबा, ग्लुटामेट, हिस्टामिन वगैरे मोजले की मेंदूत कशाची कमतरता आहे ते कळतं, आणि त्याप्रमाणे पूरक गोळ्या देता येतात. यातला 'मोजले' इथपर्यंतचा भाग खरा. त्यापुढचा नाही.

खोक्यात निघतं ते असं: लघवी धरायचा कप, घट्ट झाकणाच्या एक-दोन छोट्या नळ्या, नाव आणि वेळ लिहायची लेबलं, गोठवायची जेलची पिशवी, परत पाठवायचं पाकीट आणि एक फॉर्म. नळीत तळाशी आम्लाचे थेंब किंवा भुकटी असते. ती घाण समजून धुवून टाकू नये. डोपामिन, ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन ही मंडळी हवेशी संपर्क आला की पटकन बिघडतात. नमुना आम्लधर्मी असला तरच टिकतात. म्हणूनच मुलाला थेट नळीत लघवी करायला लावू नये, आधी कपात धरून मग ओतावी. नळी खुणेच्या वर भरली तर आम्ल पातळ होतं, फार कमी भरली तर नमुनाच अपुरा पडतो.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची आणि दुसरी धरायची, असं बहुतेक पत्रकं सांगतात. पहिली रात्रभर मूत्राशयात साठलेली असते, त्यामुळे ती नेमक्या कुठल्या वेळची हे ठरवता येत नाही. नमुना नळीत ओतला की झाकण लावून चार-पाचदा उलटसुलट करायचा, वेळ लिहायची आणि लगेच फ्रीझरमध्ये टाकायचा. जेलची पिशवी आदल्या रात्रीच गोठवलेली हवी. लंगोट वापरणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे सगळं कोलमडतं. चिकट पिशवी लावून नमुना मिळतो खरा, पण पिशवी तासभर अंगालाच राहिली तर तो तेवढा वेळ उबदार आणि जंतूंच्या संगतीत असतो. लंगोट किंवा कापूस पिळून काढलेला नमुना पाठवूच नये.

वापरायला किट सुटसुटीत आहे, सुईचा त्रास नाही, एवढं श्रेय द्यायला हवं. एक गोष्ट मात्र पत्रकात ठळक छापायला हवी होती. टॉयलेटमध्ये कप पुढे केल्यावर ज्या मुलाचा आरडाओरडा सुरू होतो, त्याच्या त्या सकाळच्या नमुन्यात ॲड्रिनलिन जास्त येणार. ते त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून आलेलं असतं. रिपोर्टमध्ये त्याच आकड्यापुढे 'ताण-प्रतिसाद असंतुलित' असं छापून येतं. ताण होताच, तो कपाचा.

खाण्यापिण्याचं बंधनही नीट पाळावं लागतं. केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, किवी यांत सेरोटोनिन असतं आणि ते खाल्ल्यावर लघवीत सेरोटोनिनच्या मोडतोडीतून उरणारं रसायन वाढतं. ज्या मुलाच्या खाण्यात मोजून चार पदार्थ आहेत आणि त्यातलं एक केळं आहे, त्याला दोन दिवस केळ्याशिवाय ठेवणं म्हणजे काय, हे पत्रक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

औषधांची सूचना मात्र नुसती गैरसोयीची नाही, धोक्याची आहे. काही पत्रकांत चाचणीआधी चालू औषधं काही दिवस थांबवायला सुचवतात. एडीएचडीसाठी मूल क्लोनिडीन किंवा ग्वानफसिन घेत असेल तर ते एकदम बंद केल्यावर रक्तदाब उसळू शकतो. ही औषधं पायरीपायरीनं उतरवायची असतात. अपस्माराची गोळी थांबवली तर झटका येऊ शकतो. औषध चालू ठेवून नमुना दिला तर त्या औषधाचा परिणाम आकड्यात येतो, आणि थांबवून दिला तर थांबवल्याचा. दोन्हीकडून आकडा बिघडलेलाच, पण दुसऱ्या प्रकारात मूलही धोक्यात.

आता प्रयोगशाळेच्या आतलं. चांगल्या ठिकाणी नमुना द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रातून जातो. हे तंत्र उत्तम आहे, फार थोड्या प्रमाणातलं रसायनही ते नेमकं ओळखतं. अशाच यंत्रांवर आणि याच लघवीवर खऱ्या उपयोगाच्या चाचण्या होतात: लहान मुलांतल्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीसाठी एचव्हीए आणि व्हीएमए (डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन यांच्या मोडतोडीतून उरणारी रसायनं), काही चयापचय विकारांसाठी सेंद्रिय आम्लं. तेव्हा 'लघवीची चाचणी म्हणजे थोतांड' असं म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की मोजलेलं रसायन आलं कुठून.

डोपामिन घ्या. लघवीतलं बहुतेक डोपामिन मूत्रपिंडातच तयार होतं. रक्तातून आलेला एल-डोपा मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशी उचलतात, त्याचं डोपामिन करतात आणि सोडियम बाहेर टाकण्याच्या कामी लावतात. नॉरॲड्रिनलिन मुख्यतः शरीरभर पसरलेल्या सिम्पथेटिक चेतातंतूंचं. सेरोटोनिन शरीरात जेवढं आहे त्याचा ९० टक्क्यांहून मोठा वाटा आतड्यात बनतो, आणि तोही वेगळ्या कारखान्यात: आतड्यात टीपीएच-१ या जनुकाचं विकर (एन्झाइम) काम करतं, मेंदूत टीपीएच-२ चं. हिस्टामिन ॲलर्जीच्या पेशींतून येतं. गाबा आतड्यातले जंतूसुद्धा बनवतात. आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर सेरोटोनिन आणि डोपामिनला आरपार जाऊ देत नाही. अख्ख्या इमारतीचं सांडपाणी तपासून तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात आज मीठ किती वापरलं ते सांगावं, तसला हा प्रकार.

कुणाला वाटेल की थोडाफार तरी मेळ बसत असेल. तो किती बसतो हे दाखवणारा एक आजार निसर्गानंच दिला आहे. एएडीसी कमतरता या दुर्मीळ जनुकीय विकारात डोपामिन आणि सेरोटोनिन बनवण्याची शेवटची पायरी पार पाडणारं विकर जवळजवळ निकामी असतं. बाळ लुळं पडतं, मान धरत नाही, डोळे वर फिरून तसेच अडकल्याचे झटके तासन् तास चालतात, पापण्या जड, घाम फार. मेंदूत डोपामिनचा दुष्काळ. आणि या मुलांच्या लघवीत डोपामिन बऱ्याचदा सामान्य किंवा चक्क वाढलेलं सापडतं! एल-डोपा साचतो आणि मूत्रपिंडात उरलंसुरलं विकर त्यातून डोपामिन काढत राहतं. म्हणजे मेंदूतल्या डोपामिनच्या सर्वांत टोकाच्या कमतरतेतसुद्धा हे किट 'ठीक आहे' किंवा 'जास्त आहे' असं सांगू शकतं. तिथे जे चुकतं त्याच्या भरवशावर ऑटिझम किंवा एडीएचडीतले बारीक फरक ओळखायचे, हे काही पटण्यासारखं नाही.

रिपोर्टमधला दुसरा घोळ क्रिएटिनिनचा, आणि तो सहसा कुणी समजावून सांगत नाही. लघवी कधी पातळ, कधी दाट असते, म्हणून प्रत्येक रसायन 'क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे इतकं' असं छापतात. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. समजा दोन मुलांच्या लघवीत दर लिटरला डोपामिन सारखंच, १५० मायक्रोग्रॅम आहे. एकाचं क्रिएटिनिन लिटरला ०.७५ ग्रॅम, दुसऱ्याचं ०.५ ग्रॅम. पहिल्याचा आकडा येतो २००, दुसऱ्याचा ३००. दुसऱ्याला 'डोपामिन जास्त' असा लाल पट्टा मिळतो, फक्त तो अंगानं किरकोळ आहे म्हणून. निवडक खाणारी, कमी स्नायूंची मुलं ऑटिझममध्ये काही कमी नाहीत. वयोगटाप्रमाणे वेगळ्या मर्यादा छापलेल्या नसतील तर तो रिपोर्ट वाचण्याच्याही लायकीचा नाही. ४ वर्षांच्या आणि १४ वर्षांच्या मुलाला एकच पट्टी लावलेली दिसली की पुढचं पान उलटू नये.

रिपोर्ट दिसायला झकास असतो. हिरवे, पिवळे, लाल पट्टे, बाण, मेंदूचं चित्र. शेवटच्या पानावर शिफारशी, आणि त्या शिफारशींतली उत्पादनं बहुधा त्याच कंपनीची किंवा तिच्या भागीदाराची. एवढं पाहूनच सावध व्हावं.

शिफारशींत नेहमी येणारी नावं अशी. सेरोटोनिन 'कमी' आलं की ५-एचटीपी, म्हणजे शरीर ज्यापासून सेरोटोनिन बनवतं ते रसायन. ते रक्तातून मेंदूत शिरतं हे खरं, पण बराचसा भाग वाटेतच, आतड्यात आणि इतर अवयवांत, सेरोटोनिन होऊन जातो. म्हणून मळमळ, उलटी, जुलाब. मूल आधीच फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रलिन (सेरोटोनिनचा परिणाम वाढवणारी एसएसआरआय गटातली औषधं) घेत असेल तर सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका: थरथर, घाम, ताप, स्नायू ताठ होणं, अस्वस्थता. पुढची लघवीची चाचणी केली तर सेरोटोनिन भरपूर वाढलेलं दिसतं, आणि 'बघा, सुधारणा झाली' असं सांगितलं जातं. गोळीतून गेलेलं लघवीत उतरलं, एवढाच त्याचा अर्थ. गाबाच्या कॅप्सूलबाबत तर मुळात तोंडावाटे घेतलेलं गाबा मेंदूत पुरेसं पोचतं याचाच भक्कम पुरावा नाही. बी-६ जीवनसत्त्वाचे मोठे डोस महिनोन् महिने दिले तर हातापायांच्या नसांना इजा होते, बधिरपणा आणि तोल जाणं सुरू होतं; जे मूल मुंग्या येतात हे बोलून सांगू शकत नाही त्याच्यात ते उशिरा लक्षात येतं.

मग या विकारांत मेंदूचं रसायन बदललेलं नसतंच का? असतं, पण 'कमी आहे, घाला' इतकं सरळ नसतं. ऑटिझम असलेल्या काही मुलांच्या रक्तात सेरोटोनिन वाढलेलं असतं हे १९६१ मध्येच दिसलं होतं आणि नंतर पुन्हा पुन्हा दिसलं. साधारण चारातल्या एका मुलात. पण रक्तातलं ते जवळजवळ सगळं सेरोटोनिन प्लेटलेट पेशींच्या पोटात असतं, आणि प्लेटलेट ते आतड्यातून उचलतात. सेरोटोनिनचा धागा धरून सिटॅलोप्राम हे एसएसआरआय गटातलं औषध दिलं तर काय होतं, हेही पाहून झालं आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४९ मुलांच्या चाचणीत एकसारख्या पुनरावृत्तीच्या वागण्यावर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, उलट चळवळ आणि झोपेच्या तक्रारी वाढल्या.

गाबाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. कोवळ्या चेतापेशींत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे तिथे गाबा पेशीला शांत करण्याऐवजी चेतवतं. वाढीच्या ओघात हे उलटतं. ऑटिझममध्ये हा पालट अडखळतो, अशा कल्पनेवरून क्लोराइड कमी करणारं ब्युमेटानाइड हे लघवी वाढवणारं औषध तपासलं गेलं. सुरुवातीच्या लहान चाचण्या आशादायक होत्या. ४०० हून अधिक मुलांच्या मोठ्या चाचण्या मात्र परिणाम दिसेना म्हणून २०२१ मध्ये मुदतीआधी थांबवल्या गेल्या. त्याआधी सिक्रेटिन या आतड्यातल्या संप्रेरकाचा गाजावाजा झाला होता. १९९९ च्या ६० मुलांच्या चाचणीत एका डोसनंतर औषधाचा गट आणि खोट्या इंजेक्शनचा गट, दोघांतही सारखीच 'सुधारणा' दिसली. पालकांच्या आशेचा परिणाम केवढा असतो ते त्यातून कळतं, आणि या किटबद्दलचे चांगले अभिप्राय वाचताना ते ध्यानात ठेवावं.

एडीएचडीत चित्र जरा स्वच्छ आहे. मेथिलफेनिडेट डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन परत उचलणारे पंप अडवतं. प्रौढांच्या पीईटी स्कॅनमध्ये किलोमागे सुमारे ०.२५ मिलिग्रॅम तोंडी डोसला मेंदूच्या स्ट्रायटम या आतल्या भागातले निम्मे डोपामिन-पंप अडलेले दिसले. पण कुठल्या मुलाला ते लागू पडेल हे कुठल्याच लघवीच्या आकड्यावरून ठरत नाही. डॉक्टर लहान डोसपासून सुरुवात करतात, शिक्षक आणि पालक दोघांकडून लक्षणांची प्रश्नावली भरून घेतात आणि वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहत डोस बसवतात. कंटाळवाणी पद्धत आहे, पण चालते.

जिवंत मेंदूतलं रसायन खरोखर मोजायचं असेल तर एमआर स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एमआरआयच्या यंत्रानं रसायनं मोजण्याची पद्धत, आहे. त्यातही किती खटाटोप असतो ते पाहिलं की लघवीच्या किटचा दावा आणखी हलका वाटतो. ३ टेस्लाचं यंत्र, मेंदूतला साधारण ३ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, आणि एका ठोकळ्यासाठी दहाएक मिनिटं निश्चल पडून राहणं. गाबाचा संकेत क्रिएटिनच्या मोठ्या शिखराखाली दबलेला, तो वेगळा काढायला खास संपादन-तंत्र. तरी त्यात मोठ्या रेणूंची भेसळ उरतेच. मूल हललं की संपलं. भूल द्यावी, तर प्रोपोफॉल आणि मिडॅझोलम ही औषधं गाबाच्याच ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करतात. आणि एवढं करून हातात येतो तो त्या ठोकळ्यातला एकूण साठा, चेतासंधीत किती आहे ते नाही. म्हणूनच हे तंत्र गटांची तुलना करायला वापरतात, एका मुलाचा उपचार ठरवायला नाही. कुणी ते 'तुमच्या मुलाचा गाबा स्कॅन' म्हणून विकत असेल तर तिथेही तेच उत्तर.

न्यूरोट्रान्समीटरची वैद्यकात मान्य असलेली चाचणी आहे ती पाठीच्या कण्यातल्या पाण्याची. ती सरसकट ऑटिझम-एडीएचडीसाठी नाही. वर सांगितलेला एएडीसीसारखा विकार, दिवस चढेल तशी वाढणारी आणि झोपेनंतर कमी होणारी हालचालींची गडबड, कारण न सापडलेला लुळेपणा किंवा डोळे अडकण्याचे झटके असतील तेव्हाची. पाणी क्रमांक घातलेल्या नळ्यांत क्रमानं धरतात, कारण पहिल्या थेंबांपेक्षा नंतरच्या थेंबांत एचव्हीए जास्त असतं. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा ठरावीक नळीसाठीच असते. नळ्या खाटेजवळच कोरड्या बर्फावर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या. रक्त मिसळलं असेल तर आधी यंत्रात गरागरा फिरवून पेशी वेगळ्या करायच्या, मगच गोठवायचं. मर्यादा वयाप्रमाणे, कारण तान्ह्या बाळात ही रसायनं जास्त असतात आणि वयानुसार उतरतात. एएडीसीच्या संशयात कोरड्या रक्ताच्या ठिपक्यावरूनही ३-ओ-मेथिलडोपा (साचलेल्या एल-डोपापासून बनणारं रसायन) पाहता येतं. त्याचं निदान वेळेत होणं महत्त्वाचं, कारण त्यावर आता जनुकोपचार आहे, युरोपात २०२२ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून मंजूर.

किटऐवजी काय करावं, हा व्यवहाराचा प्रश्न. बोलणं उशिरा असेल तर श्रवणचाचणी सगळ्यांत आधी. झोपेत पाय झाडणं असेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. माती, रंग, भलतंसलतं तोंडात घालण्याची सवय असेल तर फेरिटिनबरोबर रक्तातलं शिसंही. ऑटिझममध्ये क्रोमोसोमल मायक्रोॲरे (गुणसूत्रांचे कमी-जास्त झालेले तुकडे शोधणारी चाचणी) आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकाराची चाचणी. टक लावून थिजण्याचे झटके किंवा आलेलं बोलणं गेलं असेल तर ईईजी. मुलीनं हाताची शिकलेली कामं सोडून हात चोळणं सुरू केलं असेल तर रेट सिंड्रोमसाठी एमईसीपी-२ या जनुकाची चाचणी. यातल्या प्रत्येक चाचणीच्या उत्तरानं पुढचं पाऊल बदलतं. किटच्या उत्तरानं फक्त गोळ्यांची यादी लांबते.

रिपोर्ट आधीच हातात असेल तर तो फाडून टाकायची गरज नाही. चालू औषधं आणि सुरू केलेल्या पूरक गोळ्या यांची डोससकट यादी त्याला जोडून विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा. ५-एचटीपी आणि एसएसआरआय दोन्ही चालू असतील तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. ताप, ताठरपणा, थरथर दिसली तर सरळ दवाखाना. डॉक्टरांनी दिलेली कुठलीही गोळी रिपोर्टवरून बंद करू नका.

पाचपैकी गुण: नमुना घेण्याची सोय ४, प्रयोगशाळेचं मोजमाप ४, मुलाच्या मेंदूबद्दल मिळणारी माहिती ०. शिफारशींच्या पानाला उणे गुण देता आले असते तर तेही दिले असते.